नाशिकमधले विणकाम: नमुना आधी ठरवावा की लोकर आधी घ्यावी?

उलटसुलट · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शाळेत असताना आईकडून दोन सुयांवरचे विणकाम शिकले होते. मध्ये बरीच वर्षे ते सुटले आणि गेल्या हिवाळ्यापासून पुन्हा सुया हातात घेतल्या आहेत. हात आता बसला आहे, टाके एकसारखे पडतात, त्यामुळे कसे विणावे हा माझा प्रश्न नाही. काय विणावे, कशावरून विणावे आणि कशाने विणावे या तीन ठिकाणी मी अडते, आणि या तिन्ही गाठी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

होते असे, की इंटरनेटवर एखादा सुरेख पुलोव्हर नजरेस पडतो. नमुना उघडावा, तर त्यात कुठल्याशा परदेशी कंपनीच्या मेरिनो लोकरीचे नाव आणि रंगाचा क्रमांक दिलेला असतो. ती मागवायची म्हटले तर लोकरीपेक्षा टपालखर्च आणि सीमाशुल्कच जड होते. मग मेन रोडला किंवा रविवार कारंजाच्या बाजूला जावे, तर शिवणसामानाच्या दुकानात ‘बाळाची’, ‘स्वेटरची’ आणि ‘जाडी’ असे तीन प्रकार काउंटरवर येतात. लेबलवर मीटर लिहिलेले असतातच असे नाही, आणि विचारले तर एका स्वेटरला अमुक इतक्या गुंड्या, म्हणजे लोकरीचे गोळे, लागतात असे ठरलेले उत्तर मिळते. यात दुकानदारांना बोल लावण्यासारखे काही नाही, कारण त्यांचे बहुतेक गिऱ्हाईक त्याच हिशेबाने खरेदी करते. उलट बाजूने, नुसता रंग आवडला म्हणून लोकर आणली, तर तिला शोभेल असा नमुना सापडेपर्यंत ती कपाटात पडून राहते.

नाशिकमध्ये राहून हौसेने विणणारे आपण सगळे हे कसे जुळवता? आधी नमुना निवडता की लोकर? नमुने कुठे शोधता? आणि नवे काही सुचावे म्हणून नेमके काय बघता? परदेशातून संच मागवा, हे उत्तर कृपया नको.

देवळालीची मावशी · सोमवार, रात्री १०.२५

उलटसुलट, नमुन्यात लिहिलेले लोकरीचे नाव वाचायचेच नाही, इथून सुरुवात करा. त्याच्या जवळपास ‘५० ग्रॅममध्ये अमुक मीटर’ अशी एक ओळ असते. कामाची ती ओळ. १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर भरत असतील तर ती बारीक लोकर, पायमोज्यांची आणि हलक्या शालीची. २०० ते २५० मीटर असतील तर तिला बाहेर डीके म्हणतात, आणि पुलोव्हर, जाकीट, बाळाचे टोपडे असे बहुतेक घरगुती काम या जाडीत छान होते. १७० ते २०० मीटरची लोकर त्याहून भरीव असते. शंभराच्या आसपास मीटर म्हणजे जाड लोकर, ती नाशिकच्या हवेत मफलरपलीकडे फारशी सोसत नाही.

एकदा मीटर हाती आले की गुंड्यांचा हिशेब सरळ आहे. समजा, नमुन्यात ५० ग्रॅमच्या ५ गुंड्या सांगितल्या आहेत आणि एकेका गुंडीत १२० मीटर आहेत. म्हणजे एकूण ६०० मीटर लागणार. आपल्या दुकानातली लोकर १०० ग्रॅमला २५० मीटर असेल, तर ६०० भागिले २५० म्हणजे २.४, म्हणून ३ गुंड्या घ्याव्यात. वजनावर वजन लावून गुंड्या घेतल्या तर सूत घेताना हमखास फसगत होते, कारण त्याच जाडीचे सूत लोकरीपेक्षा जड असते आणि १०० ग्रॅममध्ये कमी लांबीचे येते.

लेबलावरच्या ‘फोर प्लाय’वरही फार विसंबू नका. चार पदर पिळले आहेत एवढेच त्यातून समजते, पण ते पदर बारीक आहेत की जाड, हे काही समजत नाही. एकाच दुकानात फोर प्लायच्या दोन गुंड्या शेजारी ठेवून पाहा, पुष्कळदा जाडीतला फरक नुसत्या बोटांना लागतो.

सुयांचेही तसेच. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक चालतात, त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होत जाते. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची आणि ६ नंबरची ५ मिलिमीटरची. अमेरिकन पद्धत याच्या नेमकी उलट चालते. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. अमेरिकन नमुन्यात ८ वाचून आपण आपली ८ नंबरची सुई घेतली, तर पूर्ण एका मिलिमीटरचा फरक पडतो आणि अंगरखा बंडी होऊन बसतो. म्हणून सुई नेहमी मिलिमीटरमध्ये मोजावी. भोकांची मापपट्टी मिळते, ती एक घरात असू द्या. जुन्या सुयांवरचे आकडे पुसट झालेले असले की तीच उपयोगी पडते.

कॅलिपर · मंगळवार, सकाळी ७.०५

मावशींच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. मी अंबडच्या एका कारखान्यात मोजमापाच्या विभागात काम करतो आणि घरी येऊन विणतो, त्यामुळे हा विषय माझ्या फारच जिव्हाळ्याचा आहे.

लेबल नसलेल्या किंवा लडीने विकल्या जाणाऱ्या लोकरीचेही मीटर घरी काढता येतात. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून अशा अंतरावर ठेवाव्यात की लोकरीचा एक पूर्ण फेरा बरोबर २ मीटर भरेल. हे अंतर शिंप्याच्या टेपने तपासून घ्यावे. मग लोकर न ताणता, केवळ टेकेल इतपत धरून २५ फेरे घ्यावेत आणि कापावेत. हे ५० मीटर झाले. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्यांचे वजन करावे. २० ग्रॅम भरले तर १०० ग्रॅमला २५० मीटर, १२ किंवा १३ ग्रॅम भरले तर ४०० मीटरच्या आसपास. फेरे मुद्दाम इतके घ्यायचे, कारण घरगुती काटा एका ग्रॅमच्या खाली बघत नाही आणि पाच-सात मीटरच्या तुकड्याचे वजन त्याच्यावर निव्वळ अंदाज ठरतो. कापलेला तुकडा वाया जात नाही, तो चाचणीच्या चौकोनाला, म्हणजे टाके मोजण्यासाठी आधी विणून पाहायच्या तुकड्याला, लागतो.

आता त्या चौकोनाविषयी, कारण आपल्याकडे तो विणण्याचा सर्वांनाच कंटाळा असतो. नमुन्यात ‘१० सेंटिमीटरमध्ये २० टाके’ असे गेज दिलेले असते. आपल्या हाताने त्याच सुईवर २२ टाके पडले, तर फरक दोनच टाक्यांचा दिसतो. पण छातीला २०० टाके घातले असतील, तर नमुन्याप्रमाणे घेर १०० सेंटिमीटर यायला हवा होता, तो आपल्याला ९१ च्याही किंचित आतच मिळतो. एवढा स्वेटर मग धाकट्या भावाला जातो. चौकोन १५ सेंटिमीटरचा तरी विणावा, कपडा जसा धुणार तसा धुवावा, सपाट पसरून वाळवावा आणि कडेचे टाके सोडून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये मोजणी करावी. न धुता केलेली मोजणी मी तरी ग्राह्य धरत नाही.

नमुना आधी की लोकर आधी, याला माझे उत्तर असे की चौकोन आधी. त्याचे कारण सांगतो. एलिझाबेथ झिमरमन या १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिकेने एक टक्केवारीची पद्धत रूढ केली. अंगाच्या घेराला जेवढे टाके लागतात त्यांना १०० टक्के धरायचे. बाहीच्या मनगटाशी त्यांच्या २० टक्के टाके घालायचे, ते वाढवत वाढवत दंडाशी ३३ टक्क्यांवर न्यायचे आणि गळ्याशी सुमारे ४० टक्के ठेवायचे. घेर १०० सेंटिमीटर हवा आहे आणि १० सेंटिमीटरला २० टाके पडतात, तर अंगाला २०० टाके, मनगटाला ४०, दंडाला ६६ आणि गळ्याला ८०. सगळे नळीसारखे गोल विणायचे आणि बाह्या बगलेशी अंगाला जोडून घ्यायच्या. या हिशेबात कोणत्याही कंपनीची लोकर चालते आणि छापील नमुन्याची गरजच उरत नाही, हवी ती वीण आणि हवा तो रंग घालता येतो.

सुईदोरा · मंगळवार, दुपारी १.१५

एवढी आकडेमोड करायची तर विणकाम कशाला, जमाखर्चच लिहावा असे वाटले! मी आपली ऑनलाइन लोकर मागवते, भारतीय कंपन्यांची चांगली लोकर घरपोच येते. अडचण एकच येते, पडद्यावरचा मोरपिशी रंग हातात येईपर्यंत निळा झालेला असतो.

देवळालीची मावशी · मंगळवार, दुपारी २.३०

सुईदोरा, त्यावर उपाय म्हणजे एकदा त्या कंपनीची एकेकच गुंडी मागवायची आणि तिचा तुकडा क्रमांकासह वहीत चिकटवून ठेवायचा. तुमचे स्वतःचे शेड कार्ड हळूहळू तयार होते. माझ्याकडच्या वहीत लुधियानाच्या लोकरीची पाने वेगळी आणि क्रोशाच्या सुताची पाने वेगळी आहेत.

सुयांच्या बाबतीत मात्र मीही ऑनलाइनच्याच बाजूची आहे. इथल्या दुकानांत सरळ सुया भरपूर दिसतात, पण केबलने जोडलेल्या गोल सुया मनासारख्या लांबीच्या मिळत नाहीत. आपल्याच देशात पोनीच्या सुया बनतात, जयपूरला निटप्रोच्या बनतात आणि त्या जगभर विकल्या जातात. ८० सेंटिमीटरची एक चांगली गोल सुई घेतली की तिच्यावर गोलही विणता येते आणि उलटसुलट करत सपाटही विणता येते. स्वेटरचे सगळे वजन मांडीवर येते, मनगटावर येत नाही. माझ्या वयात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

येवलेकरीण · मंगळवार, रात्री ९.००

चर्चा सामानातच अडकली आहे, म्हणून सुचण्याच्या प्रश्नाकडे वळते. आपल्या जिल्ह्यात येवला असताना नक्षीसाठी आपण नॉर्वे आणि स्कॉटलंडची चित्रे का चाळत बसतो, हे मला कळत नाही. मी स्वतः पैठणी विणत नाही, पण माझ्या शेजारी माग चालतात आणि लहानपणापासून ते काम पाहत आले आहे.

पैठणीच्या पदरात मोर, मुनिया, आसावलीची वेल, काठाला नारळी असे जे येते, ते छापलेले नसते आणि भरतकामही नसते. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी आडव्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. तो रंग फक्त आपल्या जागेपुरता येतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवला जातो, म्हणून मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत आणि पदर दोन्हीकडून सारखा दिसतो. सुयांवर हेच तत्त्व इंटार्सिया या प्रकारात वापरतात. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी गुंडी करायची आणि रंग बदलताना जुना धागा नव्याभोवती एक वेढा देऊन सोडायचा. तो वेढा विसरला की रंगांच्या सीमेवर उभी भोकांची रांग पडते. मोठा मोर किंवा एकटी कोयरी विणायची तर हीच पद्धत घ्यावी.

काठासाठी मात्र दोन रंग एका ओळीत सोबत चालवणारी शेटलंडची पद्धत बरी. तिचा नियम असा, की एका ओळीत दोनच रंग घ्यायचे आणि मागून जाणारा धागा चार-पाच टाक्यांपेक्षा लांब मोकळा ठेवायचा नाही, नाहीतर अंगात घालताना बोटे अडकतात. नारळीचा काठ या नियमात सहज बसतो, कारण त्यात एकच आकार थोड्याथोड्या अंतराने पुन्हा येत राहतो.

आता खरी मेख सांगते. साडीवरची नक्षी गणिताच्या वहीतल्या चौकटींवर उतरवली आणि तशीच विणली, तर मोर बसका होतो, कारण विणकामाचा टाका चौरस नसतो, तो उंचीपेक्षा रुंद असतो. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी पडत असतील, तर चौरस आकारासाठी २२ चौकटी आडव्या आणि ३० चौकटी उभ्या लागतात. म्हणून आपल्या गेजप्रमाणे आखलेला कागद घ्यावा. संगणकावरच्या कोष्टकात रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची ३० ला २२ या प्रमाणात ठेवली की असा कागद घरीच छापता येतो. मोराची मान मी त्यावर पेन्सिलीने काढते, खोडते, पुन्हा काढते. मान सरळ उभी ठेवली तर ती खांबासारखी दिसते, म्हणून दर दोन ओळींना एक टाका सरकवत वळण द्यावे लागते. डोळा आणि तुरा तर मी विणतही नाही. स्वेटर पूर्ण झाल्यावर जाड सुईने टाक्यावर टाका घालून वरून भरते. हे छोटे ठिपके विणताना घालायचे म्हटले की त्यांच्यासाठी आणखी दोन गुंड्या लोंबत राहतात आणि गुंताच वाढतो.

गोदाकाठ · बुधवार, सकाळी ६.५०

येवलेकरीण ताई, प्रतिसाद जपून ठेवला आहे. यात दगडातल्या नक्षीचीही भर घालते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर भूमिज शैलीचे आहे. त्याच्या शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्याआडव्या रांगा आहेत, त्या पाहिल्या की उलट-सुलट टाक्यांची उठावाची वीण आपोआप डोळ्यांसमोर येते. पांडवलेण्यांत कोरलेल्या वेदिकेच्या, म्हणजे दगडी कठड्याच्या, पट्ट्याही तशाच, खांब आणि आडव्या पट्ट्या पुन्हा पुन्हा. मोबाइलवर छायाचित्र काढताना सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असावे, कारण नक्षीची खोली सावलीमुळेच कळते. अशा उठावाच्या कामाला फिकट, एकरंगी आणि नीट पीळ असलेली लोकर घ्यावी. रंगीबेरंगी किंवा केसाळ लोकरीत एवढी मेहनत दिसतच नाही.

द्राक्षवेल · बुधवार, रात्री ८.१०

मी निफाड तालुक्यातून लिहिते. आमच्याकडे विणकाम ही हौस आहे तशी गरजही आहे. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. अशा रात्री द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून घरातली माणसे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात. त्यांच्यासाठी कानटोप्या आणि मफलर विणताना मी ऍक्रिलिक कटाक्षाने टाळते. ऍक्रिलिकवर ठिणगी पडली की ते वितळून त्वचेला चिकटते. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपली आपण विझते. विस्तवाजवळ वावरणाऱ्या माणसासाठी विणत असाल तर रंग आणि वीण नंतर बघा, आधी धागा कशाचा आहे ते बघा.

दुकानात ‘प्युअर वूल’ म्हणून दिलेली लोकर खरी आहे की नाही, हे पाहायला बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली, तर ती लोकर. कागद जळाल्याचा वास आणि मऊ करडी राख असेल, तर ते सूत. काळा, कडक मणी तयार झाला आणि वास उग्र आला, तर ते ऍक्रिलिक. मिश्रणात दोन्ही लक्षणे दिसतात.

शाळेचा डबा · बुधवार, रात्री ९.३५

द्राक्षवेल यांचा मुद्दा त्यांच्या कामापुरता बिनतोड आहे, पण या धाग्यावर ऍक्रिलिकची फारच उपेक्षा होऊ लागली आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. माझी दोन्ही मुले शाळेचा स्वेटर काढून त्याचा चेंडू करतात. तो स्वेटर रोज मळतो आणि यंत्रात धुतला जातो. शुद्ध लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. तसे न होणारी प्रक्रिया केलेली लोकर मिळते, पण तिची किंमत मोजून मुलांना दरवर्षी नवा स्वेटर विणून देणे प्रत्येकाला परवडणारे नाही. ऍक्रिलिक स्वस्त आहे, रंग टिकतो, कसर लागत नाही. इस्त्री तेवढी लावू नये, कारण गरम इस्त्रीखाली त्याची वीण चपटी होते ती कायमची. शिवाय नाशिकची थंडी निफाडइतकी नाही. शहरात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सकाळ-संध्याकाळ अंगावर काहीतरी लागते, एवढेच. माझ्यासाठी मी सुती धाग्याचे बिनबाह्यांचे जाकीट विणते, ते फेब्रुवारीतही चालते. सुताला लवचीकपणा नसतो, म्हणून कडेच्या दोन सुलट-दोन उलट पट्टीला एक-दोन क्रमांक बारीक सुई घ्यावी, म्हणजे पट्टी सैलावत नाही.

सिन्नरकर · गुरुवार, सकाळी १०.००

दख्खनी मेंढीच्या लोकरीविषयी कुणी विचारण्याआधीच लिहितो. ती भरड असते, घोंगडीला उत्तम. अंगालगत घालायच्या स्वेटरला ती टोचते. तिची पिशवी, आसन किंवा पायपुसणे चांगले होते. घोंगडीच्या मागासाठी चिंचोक्याची खळ लावलेले सूत मात्र घेऊ नका, ते सुईवर सरकत नाही. खळ लावण्याआधीचे मागून घ्यावे.

उलटसुलट · गुरुवार, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. द्राक्षवेल ताईंनी सांगितल्याप्रमाणे कपाटातल्या लोकरीची परीक्षा घेतली, त्यात दोन गुंड्या मिश्रणाच्या निघाल्या. आता नमुन्यांच्या ठिकाणांविषयी थोडे लिहाल का? मोबाइलवर रोज इतकी चित्रे येतात की त्यांतले विणण्याजोगे कोणते, हेच समजत नाही. काल एका समूहावर कुणीतरी विकतच्या नमुन्याची पीडीएफ सर्वांना पाठवली. ती घ्यावी की नाही, या विचारात मी उघडली नाही.

कॅलिपर · गुरुवार, रात्री १०.४०

न उघडलीत ते योग्य केलेत. नमुना रचणाऱ्या व्यक्तीने तो वेगवेगळ्या मापांत मांडलेला असतो आणि इतरांकडून विणून तपासून घेतलेला असतो. आपण पाव किलो लोकरीचे पैसे देतो आणि नमुन्याचे द्यायला कुरकुरतो, हे बरे नव्हे. शिवाय विनामूल्य आणि रीतसर नमुने इतके उपलब्ध आहेत की फुकटच्या पीडीएफची गरजच पडू नये. २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळाचे सदस्यत्व विनामूल्य आहे. तिथे शोधताना फक्त विनामूल्य नमुने, हाताशी असलेले मीटर, लोकरीची जाडी आणि सुईचे माप अशा चाळण्या एकावर एक लावता येतात. म्हणजे उलटसुलट ताई, तुमच्या कपाटातल्या लोकरीपासून सुरुवात करून नमुन्यापर्यंत पोहोचता येते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तोच नमुना इतरांनी विणल्याची छायाचित्रे आणि त्यांच्या नोंदी. कंपनीच्या चित्रातली सडपातळ मुलगी सोडून सर्वसाधारण अंगावर तो कसा बसतो, हे तिथे दिसते. नॉर्वेच्या ड्रॉप्स कंपनीच्या संकेतस्थळावरही हजारो नमुने विनामूल्य आहेत, त्यांत गेज आणि मीटर व्यवस्थित दिलेले असतात.

समाजमाध्यमांवरच्या चित्रांबाबत सावध राहावे. हल्ली संगणकाने रचलेली, प्रत्यक्षात कुणी न विणलेली चित्रे नमुना म्हणून विकली जातात. चित्र मोठे करून पाहिले की टाक्यांच्या रांगा मध्येच विरून जातात, वेणीचा एक पदर दुसऱ्याखाली गेल्यावर पलीकडे निघतच नाही, पाठीमागचे छायाचित्र नसते आणि तो नमुना विणलेली एकही व्यक्ती सापडत नाही.

येवलेकरीण · शुक्रवार, दुपारी १२.२०

इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर तक्त्यांवरून विणायला शिकावे. जपानी नमुने बहुतांशी तक्त्यांचेच असतात आणि तिथे चिन्हांचे राष्ट्रीय प्रमाणीकरण झालेले असल्यामुळे एका पुस्तकातली चिन्हे शिकली की दुसरे पुस्तक वाचता येते. तक्ता खालून वर वाचायचा. सपाट विणताना सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल विणताना प्रत्येक ओळ उजवीकडूनच. क्रोशा करणाऱ्यांनी मात्र नमुना ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे आधी पाहावे. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे असतो.

गोदाकाठ · शुक्रवार, सायंकाळी ६.४५

मला जुने नमुने आवडतात. आईच्या पिढीतल्या मासिकांत हिवाळ्याच्या तोंडावर विणकामाची पाने असत आणि हिंदी मासिकांचे तर खास बुनाई विशेषांक निघत. रद्दीच्या दुकानात अधूनमधून ते हाती लागतात. १८४० साली स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालय आहेच, तिथे जुने अंक आणि हस्तकलेची पुस्तके मागून पाहायला हरकत नाही. इंटरनेटवर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९४० च्या दशकातले काही नमुने विनामूल्य ठेवले आहेत, आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली विणकामाची पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली केलेली आहेत. एवढ्या जुन्या पुस्तकांतली सुयांची मापे आजच्या मापांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांतून वीण घ्यावी आणि माप आपल्या चौकोनावरून काढावे. जुने नमुने बहुधा एकाच मापाचे आणि अंगाला घट्ट बसणारे असतात, हेही लक्षात ठेवावे.

उलटसुलट · रविवार, दुपारी ४.०५

बेत ठरला. पुलोव्हर गोल विणायचा, टक्केवारीच्या हिशेबाने, आणि छातीवर नारळीच्या काठाची एकच पट्टी घ्यायची. चौकोन धुऊन वाळवला, १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी पडल्या. लोकर १०० ग्रॅमला २५० मीटरची आहे आणि मला साधारण १००० मीटर लागतील, म्हणजे ४ गुंड्या आणि हाताशी एखादी जास्तीची. प्रश्न असा, की दुकानात डाळिंबी रंगाच्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, ३ गुंड्या उरल्या आहेत आणि दुसऱ्या लॉटच्या २ आहेत. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही. घ्यावी का?

देवळालीची मावशी · रविवार, सायंकाळी ५.३०

पाचही गुंड्या दुकानाबाहेर उजेडात नेऊन शेजारी शेजारी धरा. फरक डोळ्याला खुपत असेल तर रंग बदला. जाणवेल न जाणवेल इतका असेल तर अवश्य घ्या, पण तीन संपल्यावर चौथी सुरू करू नका, कारण मग नेमका पोटावर आडवा पट्टा उमटतो. सुरुवातीपासून दोन्ही लॉट सोबत चालवा, दोन ओळी एका गुंडीच्या आणि दोन ओळी दुसऱ्या गुंडीच्या, म्हणजे फरक पूर्ण अंगभर विरून जातो. बाह्याही तशाच विणा. जास्तीची गुंडी न फोडता परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि पावतीवर लॉटचा क्रमांक लिहून घ्या.